मज्जारज्जूच्या दुखापतीतील जंतुमूत्रता आणि प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर

पाठीच्या कण्यास इजा होऊन ज्याच्या शरीराच्या खालच्या भागातील हालचाल व संवेदना नष्ट झाली आहे, अशा रुग्णाचे मूत्र कोणत्याही दिवशी तपासले तरी त्यात बहुधा जंतू आढळतात. रुग्णाला ताप नसतो, त्याची भूक चांगली असते, तो नित्याप्रमाणे चाकांच्या खुर्चीत बसून आपल्या कामावर गेलेला असतो. तरीही प्रयोगशाळेच्या कागदावर जंतूचे नाव, त्याची संख्या आणि त्यावर लागू पडणाऱ्या औषधांची यादी उमटते. असा कागद हाती आल्यावर काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या एका बाजूस मूत्रपिंडांच्या नाशाने ओढवलेल्या असंख्य मृत्यूंचा इतिहास आहे, आणि दुसऱ्या बाजूस कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची वाढती संख्या आहे. ह्या दोन भयांच्या मधोमध रुग्ण व त्याचा वैद्य उभे असतात.

प्रथम मूत्राशयाच्या नियमनाची व्यवस्था ध्यानी घेणे अवश्य आहे. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी असून तिच्या मुखाशी द्वारस्नायूचे वलय असते. मूत्र साठत असताना पिशवी शिथिल राहते व वलय आवळलेले असते. विसर्जनाच्या वेळी नेमके याच्या उलट घडते. हा फेरपालट मज्जारज्जूच्या त्रिकभागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या द्वारे होतो. तथापि दोन्ही क्रियांचा मेळ घालणारे केंद्र मेंदूच्या खालच्या भागात, सेतू नामक अवयवात आहे. ह्या दोन ठाण्यांमधील मार्ग तुटला की मेळ नाहीसा होतो. दुखापतीनंतर काही दिवस वा आठवडे मज्जारज्जूचा खालचा भाग जणू बधिर असतो व मूत्राशय आकुंचनच पावत नाही. पुढे तो भाग वरच्या केंद्रावाचून स्वतंत्रपणे जागा होतो, आणि मग पिशवी व वलय ही दोन्ही एकाच वेळी आवळली जातात. बंद दारावर आतून धक्के बसावेत, तसा हा प्रकार असतो. दाब वाढतो, पिशवीची भिंत जाड व खडबडीत होते, काही रुग्णांत मूत्र उलट मूत्रपिंडाकडे ढकलले जाते, आणि प्रत्येक विसर्जनानंतर बरेच मूत्र आत शिल्लक राहते. इजा कण्याच्या अगदी खालच्या भागी, प्रत्यक्ष त्रिकखंडांस अथवा त्यांच्या मुळांस झाली असेल, तर मूत्राशय कायमचे शिथिल पडते. तेथे आकुंचनाचे धक्के नसतात, पण तुंबारा मोठा असतो.

निरोगी माणसाच्या मूत्राशयात जंतू शिरतच नाहीत असे नाही. ते शिरतात आणि वारंवार होणाऱ्या पूर्ण विसर्जनाबरोबर धुऊन निघतात. मज्जारज्जूच्या रुग्णात धुण्याची ही नैसर्गिक क्रियाच अपुरी पडते. त्यात मूत्र काढण्यासाठी कॅथेटर, म्हणजे रबराची वा प्लॅस्टिकची नळी, घालावी लागते. नळी कायम आत ठेवलेली असेल तर दर दिवशी सुमारे शेकडा तीन ते आठ रुग्णांत नव्याने जंतू दिसू लागतात, आणि महिना उलटेपर्यंत बहुतेक सर्वांच्या मूत्रात ते असतात. नळीच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करून त्याखाली वसाहत करतात. ह्या आवरणात औषध पुरेसे पोचत नाही, आणि पोचले तरी मंदावलेल्या जंतूंवर त्याचा परिणाम थोडा होतो. नळी जागच्या जागी ठेवून प्रतिजैविकांनी मूत्र निर्जंतुक करण्याचा प्रयत्न म्हणूनच निष्फळ ठरतो. औषध चालू असेतो मूत्र स्वच्छ दिसते. ते थांबल्यावर थोड्याच दिवसांत जंतू परत येतात, आणि येतात ते बहुधा त्या औषधाला सरावलेले.

एवढे असूनही वैद्य औषध देण्यास का प्रवृत्त होतात, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या संसर्गाने अल्पावधीत मरण पावले. अशा रुग्णाच्या बाबतीत करण्यासारखे काही नाही, अशी त्या काळच्या वैद्यकाची धारणा होती. नाझी राजवटीतून निसटून १९३९ साली इंग्लंडमध्ये आलेले मज्जासंस्थातज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी ती मोडून काढली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी एल्सबरीजवळील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात त्यांच्या नेतृत्वाखाली मज्जारज्जूच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. रुग्णाची कूस ठराविक वेळाने बदलणे आणि मूत्राशय ठराविक वेळाने नळीने रिकामे करणे, ही त्या विभागाची दोन प्रमुख शस्त्रे होती. नळी कायम न ठेवता दर वेळी निर्जंतुक नळी हाताचा स्पर्श न होऊ देता घालावयाची व मूत्र काढून ती बाहेर घ्यावयाची, अशी ही पद्धती होती. ४७६ रुग्णांचा ह्या पद्धतीचा अनुभव गुटमान आणि हान्स फ्रांकेल यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. (ह्याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ साली सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक उदयास आले, आणि १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच.)

१९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॅक लापिडेस व त्यांचे सहकारी याहून एक पाऊल पुढे गेले. नळी निर्जंतुक असलीच पाहिजे असे नाही. ती स्वच्छ असली, हात धुतलेले असले आणि रुग्णाने ती स्वतः, वेळेवर, दिवसातून अनेक वेळा वापरली तर पुरे, असे त्यांनी दाखविले. त्यामागील विचार मोठा मार्मिक होता. मूत्राशय फार ताणले गेले की त्याच्या भिंतीतील रक्तप्रवाह कमी होतो व भिंतीची प्रतिकारशक्ती खालावते. संसर्गाचे मुख्य कारण नळीबरोबर आत जाणारे चार जंतू हे नसून ताणलेले, तुंबलेले मूत्राशय हे होय. एका अर्थी अनावश्यक प्रतिजैविके टाळण्याचा पाया तेथेच घातला गेला. कारण जंतूंच्या अस्तित्वावरून मूत्राशयाच्या स्थितीकडे लक्ष वळले. व्यवहारात मात्र लापिडेस यांची नळी सर्वत्र पोचली आणि त्यांचा विचार मागे राहिला.

मागे राहण्याचे एक कारण म्हणजे ‘एक लाख’ हा आकडा. १९५६ साली एडवर्ड कास यांनी मूत्रपिंडाचा दाह झालेल्या स्त्रिया व लक्षणरहित स्त्रिया यांच्या मूत्राची तुलना करून असे सुचविले की, एका मिलिलिटर मूत्रात एक लाख वा त्याहून अधिक जंतू असतील तर ते नमुना घेताना बाहेरून मिसळलेले नसून प्रत्यक्ष मूत्राशयातील आहेत असे मानावे. हा निकष त्या प्रश्नापुरता उत्तम होता. जंतू आत आहेत की बाहेरून आले एवढेच तो सांगतो. ते उपद्रव करीत आहेत की नाहीत हे सांगत नाही. पण प्रयोगशाळेच्या अहवालातून हा आकडा वैद्यकीय व्यवहारात असा रुळला की, एक लाख म्हणजे रोग आणि रोग म्हणजे औषध, हे समीकरण होऊन बसले. मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने १९९२ साली निराळे आकडे सुचविले: वेळोवेळी नळी घालणाऱ्यांसाठी मिलिलिटरला शंभर, बाहेरून निरोधसदृश पिशवी लावणाऱ्या पुरुषांसाठी दहा हजार, आणि कायम नळी असलेल्यांसाठी कितीही. हे आकडे जंतूंची उपस्थिती ठरविण्यापुरतेच आहेत, हे लक्षात घेतले नाही, तर ते लाखाच्या आकड्याहूनही अधिक औषध देण्यास कारणीभूत होतील हे उघड आहे.

जंतू आहेत पण उपद्रव नाही, ह्या अवस्थेला लक्षणरहित जंतुमूत्रता म्हणतात. ती रोगाची पहिली पायरी आहे, असा समज पुष्कळ काळ होता. तिच्यावर उपचार केल्याने पुढील संसर्ग टळतो असा पुरावा मात्र मिळाला नाही. अमेरिकेच्या संसर्गरोग संस्थेने २००५ साली व पुन्हा २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात, मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे मूत्रविसर्जन बिघडलेल्या रुग्णांत अशी जंतुमूत्रता शोधूही नये व आढळल्यास तिच्यावर औषधही देऊ नये, असे सांगितले आहे. शोधूही नये हा अर्धा भाग विशेष महत्त्वाचा आहे. अपवाद दोनच: गरोदर स्त्री, आणि मूत्रमार्गाच्या अंतस्त्वचेस इजा होईल अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असलेला रुग्ण.

ह्याही पुढे जाऊन, शांतपणे वस्ती करणारे जंतू काही वेळा रखवालदाराचे काम करतात, असे मानण्यास आधार आहे. स्वीडनमधील एका मुलीच्या मूत्रात एश्चेरिशिया कोलाय ह्या जातीचा एक वाण सुमारे तीन वर्षे कोणताही त्रास न देता राहिला होता. ८३९७२ ह्या क्रमांकाने ओळखला जाणारा हा वाण मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटण्याची आपली साधनेच गमावून बसला आहे. स्वीडन व अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी तो रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून पाहिला. जेथे त्याने वस्ती केली तेथे उपद्रवी जंतूंचे संसर्ग कमी झाले. मात्र पुष्कळ रुग्णांत तो टिकलाच नाही, आणि म्हणून ही पद्धत नित्याच्या उपचारात आलेली नाही. पुढे जनुकीय तपासणीच्या नव्या रीतींनी निरोगी माणसाचे मूत्रही निर्जंतुक नसते असे दिसून आले, आणि मूत्रात जंतू म्हणजे परचक्रच, हा जुना समज पायापासून ढासळला. आधी बसलेल्या निरुपद्रवी जंतूंना प्रतिजैविकाने हुसकून लावणे म्हणजे मोकळी झालेली जागा अधिक दांडग्या जंतूंना देऊ करणे होय.

प्रतिजैविकांचे तोटे सांगताना बहुधा समाजाच्या हिताची भाषा वापरली जाते: जंतू प्रतिकारक्षम होतील, भावी पिढ्यांना औषध उरणार नाही, इत्यादी. ते खरेच आहे. पण खुर्चीतील रुग्णाला ती भाषा पटत नाही, आणि न पटण्यात त्याची काही चूक नाही. त्याचे स्वतःचे तोटे याहून जवळचे आहेत. औषधाने आतड्यातील जंतूंचा समतोल बिघडून जुलाब होतात. धडधाकट माणसास ती दोन दिवसांची गैरसोय. ज्याला ओलावा जाणवत नाही व स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कातडी त्या ओलाव्याने सोलवटते, त्यातून व्रण होतो, आणि असा व्रण त्याला काही महिने पालथे निजवू शकतो. आतड्याचा नियमित क्रम, जो बसविण्यास कित्येक आठवडे लागलेले असतात, तोही मोडतो. फ्लुओरोक्विनोलोन ह्या वर्गातील औषधांनी स्नायुबंध दुर्बळ होऊन तुटण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषधनियंत्रण संस्थेने २००८ साली त्यांच्या वेष्टनावर तशी ठळक सूचना छापावयास लावली. ज्याचे पाय गेले आहेत आणि खांदे हेच ज्याचे पाय आहेत, त्याने ही सूचना दोनदा वाचावी. शेवटी, आज अकारण घेतलेले औषध उद्याच्या खऱ्या संसर्गात त्याच रुग्णाच्या उपयोगी पडेनासे होते. एरवी घरी राहून तोंडावाटे गोळ्या घेता आल्या असत्या, तेथे शिरेतून औषध देण्यासाठी रुग्णालयात खाट घ्यावी लागते.

तर मग औषध केव्हा द्यावे? लक्षणे असतील तेव्हा, हे उत्तर सोपे दिसते; पण अडचण नेमकी येथेच आहे. लघवीला जळजळ, वारंवार होणारी भावना, ओटीपोटातील वेदना ही संसर्गाची सर्वपरिचित चिन्हे ज्याला कमरेखाली काही जाणवत नाही त्याला कळणार कशी? त्याच्या वाट्याला येतात ती अस्पष्ट चिन्हे: अंगात कसकस, गळून गेल्यासारखे वाटणे, पायांतील ताठरता व झटके वाढणे, दोन वेळांच्या मध्ये अकस्मात गळती होणे, मूत्र गढूळ होणे वा त्यास उग्र दर्प येणे. ह्यांतील बहुतेकांची कारणे मूत्राबाहेरही असू शकतात. झटके वाढतात ते बद्धकोष्ठाने, पायाच्या बोटात रुतलेल्या नखाने, बसण्याच्या जागी सुरू होत असलेल्या व्रणाने, न जाणवलेल्या अस्थिभंगाने, क्वचित मज्जारज्जूत नव्याने होणाऱ्या पोकळीनेही. गढूळपणा व वास तर पाणी कमी पिण्याने किंवा आहारातील पदार्थांनीही येतो. मूत्रातील पांढऱ्या पेशी नळी वापरणाऱ्या माणसात संसर्गावाचूनही आढळतात. त्यांच्या असण्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही, नसण्यावरून मात्र संसर्गाबद्दल शंका घ्यावी. हे सर्व न पाहता ‘मूत्रात दोष’ एवढ्यावर थांबले, तर अनावश्यक औषध जाते इतकेच नव्हे, तर खरे दुखणे मागे राहते.

वेळोवेळी नळी घालणाऱ्या रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांनी आपल्याला संसर्ग आहे की नाही याचा अंदाज आधी सांगावयाचा व मग तपासणी करावयाची, अशी योजना होती. ‘संसर्ग नाही’ असे रुग्ण म्हणाले तेव्हा दहांपैकी आठांहून अधिक वेळा ते बरोबर ठरले. ‘संसर्ग आहे’ असे म्हणाले तेव्हा मात्र जेमतेम एकतृतीयांश वेळा. ताप हे चिन्ह असेल तर जवळजवळ खात्रीचे, पण ते फार थोड्यांत आढळले. ह्या निष्कर्षाचा अर्थ रुग्णाचा शब्द अविश्वसनीय आहे, असा करणे अन्यायाचे होईल. आपण ठीक आहोत असे तो सांगतो तेव्हा कागदावरील जंतूंपेक्षा त्याच्या शब्दाला अधिक मान द्यावा, हाच त्याचा खरा अर्थ. काहीतरी बिघडले आहे असे तो सांगतो तेव्हाही बिघडलेले असतेच. फक्त ते मूत्रातलेच असेल असे नाही.

एका गोष्टीत मात्र थांबण्यास जागा नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असलेल्या रुग्णात मूत्राशय ताणले गेल्याने, नळी तुंबल्याने अथवा संसर्गाने रक्तदाब एकदम चढतो. डोके फुटेल असे दुखते, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, नाडी मात्र मंदावते. गुटमान आणि व्हिटरिज यांनी १९४७ साली ह्या प्रकाराचे तपशीलवार वर्णन केले. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा दाब नव्वद ते एकशेदहाच्या आसपास असतो, त्यामुळे एकशेचाळीस हा आकडा इतरांस साधा वाटला तरी त्याच्या दृष्टीने धोक्याचा असू शकतो. येथे प्रथम करावयाचे ते रुग्णाला उठवून बसविणे, कपडे व पट्टे सैल करणे आणि मूत्राशय रिकामे करणे. नळीस पीळ पडला आहे का, ती तुंबली आहे का, हे पाहणे. त्याचप्रमाणे थंडी वाजून ताप, पाठीत वा कुशीत वेदना, ओकाऱ्या, भ्रम ही चिन्हे असतील तर वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ह्या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे ताप नाही पण बरेही वाटत नाही अशा अवस्थेत, रुग्णाच्या हाती काही करण्यासारखे देणे हीच अनावश्यक औषधे टाळण्याची खरी युक्ती आहे. ‘औषध घेऊ नका’ एवढाच उपदेश भयग्रस्त माणसाला एकटे टाकतो. ज्याने मूत्रपिंडाच्या दाहात एकदा मृत्यूचे दार पाहिले आहे, तो गढूळ मूत्र दिसताच घरातील उरलेल्या गोळ्या शोधणारच. त्याला असे सांगता येते की, वैद्याने पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर पाणी वाढवावे. नळी घालण्याच्या वेळा चारांच्या पाच-सहा कराव्यात. एका वेळी निघणारे मूत्र ५०० मिलिलिटरच्या आत राहील असे पाहावे. शौचाचा क्रम चुकला आहे का, कातडीवर कोठे लाली आहे का, हे आरशाने अथवा घरच्यांकडून पाहून घ्यावे. सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. आणि हे सर्व एका वहीत लिहावे. एक-दोन दिवसांत गढूळपणा निवळला तर प्रश्न मिटला. न निवळता नवी चिन्हे आली तर वैद्यास कळवावे, आणि तेव्हा वहीतील नोंदी कोणत्याही तपासणीइतक्या उपयोगी पडतात. अशी वही असलेला रुग्ण काही महिन्यांत आपल्या देहाची भाषा शिकतो. कोणते चिन्ह त्याच्यापुरते खरे व कोणते फसवे, हे त्याला वैद्यापेक्षा आधी उमगते.

वैद्याच्या बाजूनेही शिस्त हवी. लक्षणे नसताना मूत्राचे संवर्धन करावयास पाठवू नये. कारण अहवाल एकदा हाती आला की त्याकडे दुर्लक्ष करण्यास मोठे धैर्य लागते, आणि ते रोज दाखविणे कोणास जमत नाही. ह्यूस्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात बार्बरा ट्राउटनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पकडला. नळी असलेल्या रुग्णांबाबत संवर्धन केव्हा मागवावे याची सोपी रीत वैद्यांना घालून देऊन, त्यांच्या निर्णयांची चर्चा त्यांच्याशीच करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, दर एक हजार रुग्णदिवसांमागे मागविल्या जाणाऱ्या संवर्धनांची संख्या ४१.२ वरून २३.३ वर आली आणि अनावश्यक उपचारही घटले. हा प्रयोग केवळ मज्जारज्जूच्या रुग्णांपुरता नव्हता. तथापि त्याचे तत्त्व त्यांना तंतोतंत लागू पडते. वार्षिक तपासणीत मूत्रपिंडांची ध्वनिलहरींनी पाहणी, शिल्लक मूत्राचे मापन, मूत्राशयातील दाबाची चाचणी ही अवश्य असावी. रक्तातील क्रिएटिनिन मात्र सावधपणे वाचावे. स्नायू क्षीण झालेल्या माणसात ते मूळचेच कमी असते आणि मूत्रपिंडे निम्मी निकामी झाली तरी कागदावर सर्व आलबेल दिसू शकते. संवर्धनाची ह्या यादीत गरज नाही.

खऱ्या संसर्गात मात्र हात आखडून चालत नाही. औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी नमुना घ्यावा. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्यावा, पिशवीतून कदापि घेऊ नये, कारण पिशवीत वाढणारे जंतू मूत्राशयातील जंतूंची साक्ष देत नाहीत. अहवाल आल्यावर शक्य तितक्या मर्यादित पल्ल्याचे औषध निवडावे. कालावधीबाबत उत्साहाच्या भरात काटकसर केल्यास ती महाग पडते. मज्जारज्जूच्या रुग्णांत सिप्रोफ्लॉक्सासिन तीन दिवस व चौदा दिवस देऊन केलेल्या तुलनेत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, चौदा दिवसांचा उपचार सरस ठरला. नळीच्या संसर्गात लवकर उतार पडणाऱ्यास सात दिवस व उशिरा पडणाऱ्यास दहा ते चौदा दिवस, असे पुढील मार्गदर्शन आहे. ज्या औषधाची गरज नाही ते एक दिवसही नको, आणि ज्याची आहे ते अर्धवट नको.

संसर्ग वारंवार होऊ नये म्हणून केलेल्या उपायांची परीक्षाही बोधप्रद आहे. क्रॅनबेरी ह्या फळाच्या गोळ्या व मेथेनामाइन हिप्युरेट यांची ऑस्ट्रेलियात ३०५ रुग्णांवर परीक्षा झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंचाही मज्जारज्जूच्या रुग्णांना लाभ दिसला नाही. तेथेच २०७ रुग्णांवर केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत उपकारक जंतूंच्या गोळ्याही निष्प्रभ ठरल्या. रोज थोड्या मात्रेत प्रतिजैविक देत राहण्याचा उपाय मात्र वेगळ्या प्रकारे विचार करावयास लावतो. ब्रिटनमध्ये स्वतः नळी घालणाऱ्या ४०४ रुग्णांवर तो वर्षभर करून पाहिला गेला (त्यांत मज्जारज्जूखेरीज इतर कारणांचे रुग्णही होते), आणि २०१८ सालच्या अहवालाप्रमाणे लक्षणयुक्त संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आले. दर माणशी वर्षाला २.६ ऐवजी १.३. परंतु वर्षाच्या अखेरीस औषध घेणाऱ्यांच्या मूत्रातील जंतूंपैकी शेकडा ६७ ट्रायमेथोप्रिमला दाद देईनासे झाले होते. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३३ होते. नायट्रोफ्युरांटॉइनच्या बाबतीत २४ विरुद्ध ९. उपाय लागू पडतो आणि त्याच वेळी आपल्या पायाखालची जमीन पोखरतो, असे हे उदाहरण आहे. वर्षातून अनेकदा ज्वराने अंथरूण धरणाऱ्या एखाद्या रुग्णास तो द्यावा लागेलही. सर्वांना द्यावा असे म्हणता येणार नाही.

मग खात्रीचे काय उरते? मूत्राशयाची यांत्रिक बाजू. वारंवार संसर्ग होतो तेव्हा शिल्लक मूत्र किती राहते, दाब किती चढतो, खडा आहे का, हे शोधावे. प्रोटियससारखे जंतू मूत्रातील युरियाचे विघटन करून मूत्र अल्कधर्मी करतात. त्यातून खडे बनतात, खड्यांच्या खळग्यांत जंतू दडून बसतात, आणि खडा काढल्यावाचून औषधांचे कितीही क्रम दिले तरी संसर्ग पुनःपुन्हा उद्भवतो. दाब अधिक असेल तर मूत्राशय शिथिल करणारी औषधे देता येतात. २०११ सालापासून अमेरिकेत ह्या विकारासाठी मान्यता मिळालेल्या बोट्युलिनम विषाची टोचणीही भिंतीत देतात. कायम नळी असलेल्यास, त्याचे हात चालत असतील तर, वेळोवेळी नळी घालण्यास शिकवावे.

महाराष्ट्रात ह्या रुग्णांची जुनी संस्था म्हणजे खडकी येथील जायबंदी सैनिकांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. ते १९७४ पासून कार्य करीत आहे. पण झाडावरून पडलेला शेतमजूर, विहिरीच्या कामावर दगड अंगावर आलेला कामगार किंवा मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण रुग्णालयातून घरी परततो तो गावच्या औषधविक्रेत्याच्या हवाली होतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीने तिसऱ्या पिढीतील सेफालोस्पोरिन, कार्बापेनेम इत्यादी औषधांच्या विक्रीची नोंद, वैद्याच्या व रुग्णाच्या नावासह, ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. ह्या रुग्णाचा मूळ प्रश्न त्या नोंदवहीच्या अलीकडचा आहे. खुर्ची आत जाईल असे शौचालय कामाच्या जागी नसते, म्हणून तो दिवसभर पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून मूत्र गढूळ होते. ते गढूळ दिसते म्हणून गोळ्या येतात. एकदाच वापरावयाच्या नळ्या दिवसाला पाच परवडत नाहीत, म्हणून तो तीच नळी धुऊन वापरतो, आणि ती धुण्यास स्वच्छ पाणी व वाळविण्यास जागा नसेल तेव्हा नळी घालण्याची वेळच टाळतो. अशा रुग्णाला घरी पाठविताना त्याच्या पिशवीत काय घालावे, ह्याचा विचार करताना नळ्यांची संख्या, साबण, झाकणाचा डबा, आरसा, तापमापक आणि वही ह्यांना गोळ्यांच्या आधी स्थान द्यावे लागते. आणि त्याच्यासोबत आलेल्या पत्नीला वा भावाला, कोणत्या चिन्हांवर गाडी करून यावे व कोणत्या चिन्हांवर आणखी एक तांब्या पाणी देऊन दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी, हे त्याच्या समक्ष सांगावे लागते.